भावाच्या अक्षरातली पत्रं

पान उलटलं तर समासात पेन्सिलीने काढलेला एक छोटासा बदाम. भाचीच्या पुस्तकांत असे बदाम जागोजागी असतात. कुठे उद्गारचिन्हं, कुठे नुसतंच 'अगंऽऽ', कुठे खलनायकाच्या नावाखाली रागाने ओढलेली दुहेरी रेघ. तिची पुस्तकं मागून वाचायला मला आवडतात ती या खुणांसाठीही. आपण वाचतोय आणि शेजारी बसून आणखी कोणीतरी वाचतंय असं वाटत राहतं. पण हा बदाम जिथे होता तिथे येईस्तोवर माझं डोकं तापलं होतं. पुस्तक पालथं टाकून मी खोलीत फेऱ्या मारून आले होते. नेमक्या त्याच ओळीपाशी एका चौदा वर्षांच्या मुलीने बदाम काढावा, आणि तोही इतका निगुतीने, दोन्ही बाजू सारख्या, आत हलकं शेडिंग केलेला, हे काही केल्या मनातून जाईना.

पुस्तकाचं नाव सांगत नाही, कारण पुढे त्यातलं गुपित फोडणार आहे आणि ज्यांना ते वाचायचंय त्यांचा विरस करायचा नाही. यंग अॅडल्ट फँटसी, म्हणजे किशोरवयीनांसाठीची अद्भुतकथा, म्हणतात त्या जातकुळीतली जाडजूड कादंबरी, मालिकेतला पहिला भाग. नायिका सतरा वर्षांची, युद्धात हरलेल्या डोंगरी मुलखातली, शत्रूच्या राजवाड्यात ओलीस ठेवलेली. तिच्या बोटांत नकाशांची जादू आहे: ती कागदावर जी वाट काढेल ती जमिनीवर खरोखर उमटते. तिचा थोरला भाऊ सीमेवरच्या तुरुंगात. शत्रूराजाचा धाकटा मुलगा जीव धोक्यात घालून त्याची पत्रं तिच्यापर्यंत पोचवतो. हिवाळाभर पत्रं येत राहतात आणि त्या पत्रांच्या आधाराने ती तग धरते. मग एका पत्रात भाऊ तिला लिहितो की रात्री खिडकीची झडप वाजून तुझी झोप मोडत असेल तर तिच्यात कापडाची घडी खोच. झडपेबद्दल तिने फक्त राजपुत्राला सांगितलेलं असतं. तिथेच तिला कळतं. भाऊ पहिल्या बर्फातच गेलेला असतो. राजपुत्राला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं, आणि भावाचं अक्षर गिरवून गिरवून सगळी पत्रं त्यानेच लिहिलेली असतात.

यानंतर ती किंचाळते, पत्रं भिरकावते, धावत गच्चीवर जाते. तो मागोमाग येतो. 'तू कोसळली असतीस,' म्हणतो. ती त्याच्या छातीवर मुठी आपटते, मुठी सैल होतात, बर्फ पडत असतो. बदाम तिथे आहे.

भाचीला विचारलंच. "तुला त्याचा राग नाही आला?" ती म्हणाली, "आला ना. खूप आला. पण मावशी, इतकं लक्ष देऊन कोणी कोणाचं ऐकतं का गं?"

मी काहीतरी उत्तर दिलं, पण ते तिला पटलं नाही आणि मलाही नाही. तिचा प्रश्न मात्र मला चिकटला. कारण ती म्हणत होती ते खरंच होतं. रागाच्या भरात मी मागे जाऊन ती पत्रं पुन्हा वाचली, एखादा पुरावा गोळा करावा तशा ईर्ष्येने, आणि वाचता वाचता राग कुठल्या कुठे गेला. पत्रं फार सुंदर आहेत. पूर्ण कादंबरीत लेखिकेची भाषा तिथे सगळ्यात मोकळी झालीय. भाऊ तिला लहानपणीच्या एका लंगड्या बकरीची आठवण करून देतो, तिच्या भूगोलाच्या चुका काढतो, एका पत्रात नुसतंच एक कोडं घालून उत्तर पुढच्या पत्रात सांगेन म्हणतो, म्हणजे तिने पुढच्या पत्राची वाट बघावी. हे सगळं राजपुत्राने तिच्याच बोलण्यातून वेचलेलं असतं. ती कधीतरी जिना उतरताना बकरीबद्दल अर्धं वाक्य बोलून गेलेली असते, आणि हा मुलगा रात्री दिवा लावून ते अर्धं वाक्य पूर्ण करत बसतो. आपला कोणी शब्द न् शब्द साठवून ठेवतंय, ही कल्पनाच चौदाव्या वर्षी वेड लावणारी आहे. चौदाव्या कशाला, कुठल्याही.

त्या वयात माणसाचं बोलणं कोण पुरतं ऐकतं? मोठी माणसं प्रश्न विचारतात ते उत्तर माहीत असलेले. मैत्रिणी ऐकतात, पण त्यांच्या डोक्यात त्यांचं स्वतःचं चालू असतं, आणि ते साहजिकच आहे. आपल्या आत काहीतरी प्रचंड घडतंय आणि बाहेर त्याची दखल कोणीच घेत नाहीये, असं वाटण्याचं ते वय. आणि मग या कादंबऱ्यांत एक जण येतो ज्याला ती दाराकडे पाठ करून बसत नाही हे दिसतं. चिडली की ती अंगठ्याने तर्जनीचं नख घासते हे दिसतं. एनिमीज टू लव्हर्स (आधी वैर, मग प्रेम) म्हणा, स्लो बर्न (हळूहळू पेटत जाणारं प्रेम) म्हणा, या प्रकारांना मुलं काय वाट्टेल ती नावं देतात, पण प्रेमात पडण्याचा खरा क्षण बहुतेक वेळा हाच असतो: त्याने काहीतरी बारीकसं टिपलेलं असतं. चुंबन नंतर येतं. त्याआधीच वाचणारीचं काम तमाम झालेलं असतं.

माझ्या त्या वयात मला घुमे नायक आवडायचे. खिडकीपाशी उभे राहणारे, काही न बोलणारे, जखम झाली तरी बाही खाली ओढून घेणारे. त्यांच्या गप्प बसण्यात मी माझ्या मनाचं वाट्टेल ते भरत असे. तो आत्ता हाच विचार करत असणार, तिला सांगता येत नाही म्हणून तळमळत असणार. आज ते प्रसंग वाचले तर पानावर त्यातलं काहीच नसतं. तो खरोखर नुसताच खिडकीपाशी उभा असतो. तरी मला त्या मुलीची कीव येत नाही. तिने स्वतःच्या बळावर एक अख्खा माणूस उभा केला होता, आणि ते वाचन होतं, अस्सल वाचन.

तर राग कशाचा येतो?

या प्रकारच्या प्रेमकथांत एक गोष्ट वारंवार येते: तिच्या भल्यासाठी तिच्या वतीने कोणीतरी निर्णय घेतं. आणि जादू असली की त्या निर्णयाला आयतं निमित्त मिळतं. तो तीनशे वर्षांचा आहे, त्याला जास्त कळतं. भविष्यवाणी झालेली आहे. दोन आत्मे जन्माआधीच बांधलेले आहेत. स्टेफनी मायर यांची 'ट्वायलाइट' 2005 मध्ये आली आणि जगभरच्या मुली एडवर्ड आणि जेकब अशा दोन गटांत वाटल्या गेल्या. नायिका बेलावर या दोघांचाही जीव, आणि एडवर्ड रक्तपिपासू व्हँपायर. 2007 मधल्या तिसऱ्या भागात, 'एक्लिप्स'मध्ये, बेलाने जेकबकडे जाऊ नये म्हणून एडवर्ड तिच्या ट्रकच्या इंजिनातला एक भाग काढून ठेवतो. तो प्रसंग वाचताना मी दचकले होते. गाडी चालू होत नाही, ती हताश होऊन बसलेली, शेजारच्या सीटवर तो शांतपणे त्या सुट्या भागाशी चाळा करतोय. आणि तरी ती पुस्तकं मी एका दमात वाचली, छाती धडधडत वाचली, हेही तितकंच खरं. जंगलातला तो ओला हिरवा अंधार, आणि आपल्याला क्षणात संपवू शकणारा माणूस आपल्यासाठी स्वतःला आवरतोय ही ओढ, हे काही खोटं नव्हतं. मनात ट्रकचा तो भागही आहे आणि ती धडधडही आहे. यातलं एक काढून दुसरं ठेवा म्हटलं तर मला ते जमणार नाही.

गुपित ठेवणाऱ्या सगळ्याच नायकांचा मला राग येतो असंही नाही. डायना विन जोन्स यांच्या 'हाऊल्स मूव्हिंग कॅसल'मध्ये (1986) सोफीला चेटकीण म्हातारी करून टाकते आणि ती हाऊल या जादूगाराच्या घरात साफसफाई करणारी म्हणून शिरते. ती म्हातारी नाही, शापित आहे, हे हाऊलला कळलेलं असतं. तो बोलत नाही. तिच्या नकळत शाप उतरवायचा प्रयत्न करतो, उतरत नाही, आणि शेवटी त्याला वाटतं की हिलाच हे सोंग आवडत असावं. हे बघा, इथेही लपवणं आहे. पण हाऊलच्या गप्प बसण्याने सोफीच्या हातातून काहीच जात नाही. उलट म्हातारी झाल्यावरच तिला तोंड फुटतं, ती त्याच्याशी कचाकचा भांडते, त्याचा न्हाणीघरातला पसारा आवरते आणि त्याच्या थिल्लरपणावर तोंडावर बोलते. शेवटी त्याचं हृदय त्याला परत मिळतं तेही तिच्या हातून. ती दोघं एकमेकांना पुरेपूर ओळखून एकत्र येतात, त्याच्या रडक्या स्वभावासकट आणि तिच्या हेकेखोरपणासकट. ते पुस्तक कधीही उघडलं तरी मला हुरूप येतो.

पण या विषयावर माझं मन जिथे पुन्हा पुन्हा जातं ती जोडी वेगळी आहे, आणि तिला जोडी म्हणावं की नाही हेही बराच काळ ठरलेलं नव्हतं. अर्सुला ले ग्विन यांची 'द टूम्ब्ज ऑफ अॅटुअन', साल 1971. टेनार अगदी लहान असताना तिला घरातून उचलून आणलंय, तिचं नाव काढून घेतलंय आणि तिला अनाम शक्तींची पुजारीण केलंय. जमिनीखालचा काळाकुट्ट चक्रव्यूह हे तिचं राज्य. तिथे उजेड आणायला बंदी, आणि त्या अंधारात तिला एके दिवशी उजेड दिसतो: गेड नावाचा जादूगार काठीच्या टोकावर प्रकाश घेऊन उभा. ती त्याला आत कोंडते. वरच्या झरोक्यातून त्याला तहानेने खंगताना बघते. मारून टाकायला हवं, पण तिच्याने मारवत नाही. मग पाणी नेते, प्रश्न विचारते. आणि तो तिला तिचं नाव सांगतो. टेनार. इथे मला प्रत्येक वेळी थांबावं लागतं. त्याच्याकडे तिच्याबद्दलची एक माहिती आहे, सगळ्यात मोलाची, आणि तो ती तिच्या हाती देऊन मोकळा होतो. स्वतः कैदेत असताना. त्या माहितीचं पुढे ती काय करेल हे त्याला माहीत नाही. बाहेर पडल्यावरही ती एका क्षणी सुरा घेऊन त्याच्यापाशी येते. स्वातंत्र्य मिळाल्याबरोबर ती सुखावत नाही. ती घाबरते, रडते, चिडते. ले ग्विन तिला ते सगळं करू देतात. गेड तिला बंदरापर्यंत नेतो आणि ती दोघं हातात हात घालून गर्दीतून चालत जातात. प्रेमाचा उच्चार नाही. ती दोघं खऱ्या अर्थाने एकत्र येतात 'टेहानू'मध्ये, आणि ते पुस्तक आलं 1990 मध्ये. तोवर टेनार मुलं वाढवून झालेली विधवा बाई आहे आणि गेडची सगळी जादू संपलेली आहे. पहिलं पुस्तक पोरवयात वाचलेल्या मुली दुसरं हाती येईतो स्वतः चाळिशीकडे झुकल्या असतील. किती भाग्यवान त्या.

'हंगर गेम्स'मधला पीटा मला त्यानंतर आठवतो. त्याची सुरुवात काही निर्मळ नाही. पहिल्या पुस्तकात (2008) तो टीव्हीवर दाखवल्या जाणाऱ्या जीवघेण्या खेळात त्याच्यासोबत उतरवलेल्या कॅटनिसला न विचारता, न सांगता, सगळ्या देशासमोर मुलाखतीत जाहीर करून टाकतो की त्याचं तिच्यावर प्रेम आहे. ती त्याला असा धक्का देते की तो कुंडीवर आदळतो आणि त्याचे तळवे रक्तबंबाळ होतात. मला तिचा तो राग फार आवडला होता. पुढे तीही कॅमेऱ्यासाठी प्रेमाचं नाटक करते, त्याला ते उशिरा कळतं आणि तो दुखावतो. म्हणजे दोघांच्याही पदरात एकेक फसवणूक आहे. सुझान कॉलिन्स यांनी यातून काढलेली वाट विलक्षण आहे. तिसऱ्या पुस्तकात, 'मॉकिंगजे'मध्ये (2010), शत्रू विषारी गांधिलमाश्यांचं विष टोचून पीटाच्या आठवणी नासवून टाकतो. त्याला खरं काय आणि घुसवलेलं काय हे कळेनासं होतं. मग तो एकेक आठवण उचलून आजूबाजूच्यांना विचारू लागतो, हे खरं की खोटं? जुन्या दिवसांबद्दल, कुणाच्या आवडत्या रंगाबद्दल, क्षुल्लक गोष्टींबद्दल. उत्तर येतं ते तो धरून चालतो. ज्या नात्याची सुरुवात टीव्हीवरच्या घोषणेने झाली ते शेवटी या प्रश्नांवर येऊन ठेपतं. त्याला तिच्याबद्दल काहीच गृहीत धरता येत नाही, म्हणून तो विचारतो. प्रेमकथेत यापेक्षा देखणं दृश्य मला सांगता येणार नाही.

आणि फिलिप पुलमन यांचे लायरा आणि विल. 'द अँबर स्पायग्लास' (2000) संपवल्यावर मला काही दिवस दुसरं काही वाचवेना. दोन वेगळ्या जगांतली दोन मुलं, आणि दुसऱ्याच्या जगात गेलं तर काही वर्षांतच खंगून मरायचं. जगांमधल्या खिडक्या तर मिटवायलाच हव्यात. एकच उघडी ठेवता येईल, आणि ती मेलेल्यांना बाहेर पडण्यासाठी लागणार आहे. वाईट बातमी दोघांनाही पुरती सांगितली जाते. ती रडतात, वाद घालतात, पळवाटा शोधतात, आणि मग स्वतः ठरवतात. दरवर्षी उन्हाळ्यातल्या एका दिवशी दुपारी आपापल्या जगातल्या ऑक्सफर्डच्या वनस्पती उद्यानात त्याच एका बाकावर येऊन बसायचं. खऱ्या ऑक्सफर्डमधल्या त्या बाकावर वाचकांनी दोघांची नावं कोरली आहेत. कोवळ्या पोरांवर एवढं ओझं टाकायचं का, असं मला वाटलं होतं. अजूनही वाटतं. पण त्यांच्यापासून ते लपवून कोणी दुसऱ्याने खिडक्या बंद केल्या असत्या, तर ती कथा मी कधीच माफ केली नसती.

हे सगळं डोक्यात घोळत असताना मी आमचं नकाशांचं पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. सुरुवातीच्या एका प्रकरणात, अजून पत्रं सुरू व्हायची आहेत, नायिका आणि राजपुत्र बुरुजाच्या जिन्यात अडकून पडतात. वेळ घालवायला ती बोलते. वडील आजारी होते तेव्हा घरच्यांनी तिच्यापासून महिनाभर लपवलं होतं, ती तेव्हा नऊ वर्षांची होती, आणि त्या महिन्यात ती रोज हसत खेळत होती याचं तिला अजून शल्य आहे. ती म्हणते, मला वाईट बातमी ताबडतोब सांगायची. मी कोसळले तर कोसळले. राजपुत्र मान डोलावतो. पान पुढे जातं.

म्हणजे याने बकरी ऐकली, झडप ऐकली, भूगोलाच्या चुका ऐकल्या. तिने स्वतःबद्दल सगळ्यात स्पष्ट, सगळ्यात निक्षून सांगितलेलं वाक्य मात्र त्याने बाजूला ठेवलं. भाचीला ते पान दाखवलं. तिने ते उभ्याउभ्याच वाचलं, मग बसून परत वाचलं. "हे मी विसरलेच होते," म्हणाली. आणि लगेच, "पण लेखिका विसरलेली नाही. उगाच कशाला लिहील? दुसऱ्या भागात हे वर येणार बघ." राजपुत्रावरचा तिचा जीव कमी झालेला दिसला नाही. तो व्हावा अशी माझीही इच्छा नव्हती. तिचा विश्वास लेखिकेवर होता, आणि तो विश्वास मला त्या मुलाच्या सगळ्या पत्रांपेक्षा जास्त आवडला. मलाही तो ठेवायचाय.

कारण माझी खरी तक्रार आता मला कळलीय आणि ती राजपुत्राबद्दलची नाहीच. सतरा वर्षांच्या मुलीचा भाऊ मेलाय. महिने उलटून गेलेत, त्याला कुठे पुरलं हे तिला माहीत नाही, आणि ते कळल्यापासून गच्चीवरच्या त्या चुंबनापर्यंत मध्ये जेमतेम दीड पान आहे. त्या दीड पानातही ती भांडतेय ती राजपुत्राशी. भावासाठी रडायला तिला एक ओळ मिळालेली नाही. लेखिकेने एका माणसाचं मरण दोघांना जवळ आणायला वापरलं आणि पुढे निघून गेली. भाची म्हणते तसं हे मुद्दाम असेल, तर पुढच्या भागात तिने त्याची भरपाई करावी. नायिकेने राजपुत्राशी लग्न करावं की त्याला सोडून जावं, मला दोन्ही चालेल, मी दोन्ही जीव लावून वाचेन. पण त्याआधी या मुलीने दार लावून घ्यावं, ती पत्रं एकेक करून काढावीत, कुठलं वाक्य खरोखर भावाचं असू शकतं आणि कुठलं त्याचं असणं शक्यच नाही याचा छडा लावावा. मग कागद घेऊन त्या तुरुंगापर्यंतची वाट काढावी आणि एकटीने चालत जावं. या सगळ्याला एक अख्खं प्रकरण द्यावं, आणि त्या प्रकरणात राजपुत्र नसावा.